वेळास ते देवबाग : किनाऱ्याकिनाऱ्याने

घाटावरच्या माणसाचं कोकण बहुधा दोन दिवसांचं असतं. गणपतीपुळ्याचं दर्शन, समुद्रात गुडघाभर पाणी, पोरांच्या खिशात शिंपले, आणि परतताना पिशवीत कोकम नि काजूगर. यात वावगं काही नाही. शेतकऱ्याला दोन दिवसांपेक्षा जास्त घर सोडता येत नाही हे खरंच आहे. दुभत्या जनावराला सुट्टी नसते. पण एखाद्या वर्षी ज्वारी मळून घरात आलेली असते, ऊस कारखान्याला गेलेला असतो, शेजारी धारा काढायला राजी असतो. अशा वर्षी सहा दिवस काढावेत आणि समुद्र आडवा न बघता उभा बघावा, म्हणजे किनारा धरून उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरत जावं. रायगड जिल्ह्यातल्या रेवसपासून सिंधुदुर्गातल्या रेडीपर्यंत असा सागरी रस्ता आहे. मध्येमध्ये खाड्या आडव्या येतात. कुठे पूल आहे, कुठे गाडीसकट फेरीबोटीत चढावं लागतं. आम्ही या रस्त्याचा मधला तुकडा केला : मंडणगड तालुक्यातल्या वेळासपासून मालवणजवळच्या देवबागपर्यंत. गाडीत धाकटा भाऊ, आमच्या दोघांच्या मंडळी, तीन पोरं आणि आई. आईने पंढरपूरच्या वाऱ्या पुष्कळ केल्या, पण सत्तरी उलटली तरी समुद्र पाहिलेला नव्हता.

निघण्याआधी एक हिशेब सांगून ठेवतो. तो पंचांग असलेल्या प्रत्येक घरात करता येतो. कोकणात भरतीची वेळ काढायला जो महिन्याचा पक्ष चालू असेल त्यातल्या तिथीची पाऊणपट करतात. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. चतुर्थीला तीन वाजता, एकादशीला सव्वाआठला. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. घड्याळाला अगदी मिनिटावर जुळेल असं नाही, पण अर्ध्या-पाऊण तासाच्या फरकाने बरोबर येतं. पोरांना पाण्यात कधी सोडायचं आणि कधी हाताला धरून बाहेर काढायचं, हे या हिशेबावर ठरवावं. ओहोटीचं पाणी माणसाला आत ओढतं.

कऱ्हाडहून कुंभार्ली घाट उतरलो, चिपळूण, खेड, मंडणगड करत संध्याकाळी वेळासला पोहोचलो. वेळास हे नाना फडणवीसांच्या भानू घराण्याचं गाव. बाणकोटच्या खाडीच्या दक्षिणेला, नारळी-पोफळीत बुडालेलं. गावात मोठं हॉटेल नाही. ओसरी-पडवी असलेल्या घरातच उतरायचं, घरच्या पंगतीला बसायचं. आमची पोरं रात्री उकडीचे मोदक आणि सोलकढी यांवर तुटून पडली.

या गावाची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवं रात्री वाळूवर येतात, मागच्या पायांनी हात-दीड हात खोल खड्डा करतात, शंभर-सव्वाशे अंडी घालतात आणि खड्डा बुजवून परत समुद्रात जातात. आई तिथे थांबत नाही. पूर्वी ही अंडी माणसं काढून न्यायची, उरलेली कुत्री-कोल्ही उकरायची. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने इथे काम सुरू केलं. संस्था बाहेरची, पण पहाटे वाळू तुडवणारी माणसं गावातलीच घेतली. ज्यांना घरट्याचा माग काढता येत होता, त्यांनाच राखण दिली. आमच्याकडे म्हणतात तसं, वाट ठाऊक असलेलाच राखणीला बरा. कासवाच्या पावलांचा ठसा ट्रॅक्टरच्या चाकासारखा उमटतो. तो माग धरून घरटं शोधायचं, अंडी जशीच्या तशी उचलून कुंपण घातलेल्या जागेत तेवढ्याच खोलीवर पुरायची, आणि पंचेचाळीस ते साठ दिवस वाट पाहायची. वाळू किती तापते यावर नर निघणार की मादी हे ठरतं. हे ऐकून माझा भाऊ, जो कोंबड्या पाळतो, बराच वेळ गप्प होता.

पहाटे सहाला वाळूवर गेलो. त्या दिवशी एका घरट्यातून तेवीस पिल्लं निघाली होती. तळहातावर मावतील एवढी, काळीसावळी. दोरी आखलेली होती, तिच्यापलीकडे कुणी जायचं नाही. पिल्लांना हातात घेऊन पाण्यात सोडत नाहीत. दहा-पंधरा पावलं अलीकडे ठेवतात आणि त्यांचं त्यांना चालू देतात. एकेक लाट येऊन पिल्लाला उलटं करी, ते पुन्हा सरळ होई, पुन्हा चालू लागे. हजारातलं एखादंच मोठं होतं असं तिथले लोक सांगतात. आई हात जोडून उभी होती. पोरं एकही शब्द बोलली नाहीत. आमच्या घरात हा चमत्कारच.

तिथून केळशी, आंजर्ले. केळशीच्या खाडीच्या तोंडाशी वाळूची मोठी टेकडी आहे. तिच्या थरांत पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांना जुनी खापरं आणि नाणी सापडली आहेत. समुद्राने आणि वाऱ्याने एकावर एक पान लिहून ठेवावं तशी ती आहे. या पट्ट्यातून जाताना मात्र आमच्या मंडळींचं लक्ष वाळूकडे नव्हतं, बागांकडे होतं. मध्येच एखाद्या आगरात आभाळ मोकळं दिसे. ३ जून २०२० ला आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने इथली नारळी-पोफळी मुळासकट आडवी केली. आमचं सोयाबीन गेलं तर पुढच्या हंगामाची आशा असते. नारळ लावल्यावर धरायलाच सहा-सात वर्षं जातात. एका आगरातल्या आजोबांनी रोपं दाखवली, पुरुषभर उंच झालेली. म्हणाले, "ही माझ्या नातवाची हो. माझी ती पडलेली." बोलताना त्यांचा हात रोपाच्या झावळीवरून फिरत होता, आपण खोंडाच्या पाठीवरून फिरवतो तसा.

हर्णैला दुपारी पोहोचलो. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचा. पण आमचं सगळ्यांचं मन रमलं ते बैलांत. होड्या वाळूला लागत नाहीत, जरा आत थांबतात. तिथून मासळी आणायला बैलगाड्या थेट समुद्रात जातात. पोटापर्यंत खाऱ्या पाण्यात उभी असलेली बैलजोडी मी पहिल्यांदाच पाहिली. लाट आली की बैल मान वर करून डोळे मिटून घेत, आणि गेली की पुन्हा रवंथ. किनाऱ्यावर लिलाव चालतो. बोली इतकी भरभर की आमच्या बाजारसमितीतले अडते तिथे नवशिके वाटावेत. एवढं मात्र कळलं की माल विकणाऱ्याचा चेहरा इथून तिथून सारखाच असतो.

हर्णैच्या जवळच मुरुड, जिथे महर्षी धोंडो केशव कर्वे वाढले, आणि त्याला लागून कर्दे. इथे डॉल्फिन दाखवायच्या होड्या सुटतात. सकाळी सातला आमची होडी निघाली. अर्ध्या तासाने दूरवर एक काळी पाठ दिसली आणि नाहीशी झाली. ती दिसायचा अवकाश, चारी बाजूंनी होड्या त्या जागेकडे धावल्या. इंजिनांचा आवाज, धूर, "तिकडे, तिकडे" असा गलका. पाठ पुन्हा दिसली ती आणखी दूर. पुन्हा पाठलाग. असं चार वेळा झालं आणि आम्ही परतलो. होडीवाल्यांना दोष देणं सोपं आहे. पण त्यांचं म्हणणंही ऐकलं पाहिजे. जनावर दिसलं नाही तर गिऱ्हाईक पैशावरून वाद घालतं, शेजारची होडी जवळ गेली की "तुम्ही का नाही नेत" म्हणतं. आमच्या होडीतही एक पाहुणे असं म्हणतच होते. पाठलाग करायला लावणारे आपणच, आणि मग जनावर बुजरं म्हणून नावं ठेवणारेही आपणच.

दाभोळला खाडी आडवी आली. गाडी फेरीबोटीत चढवली, पलीकडे धोपाव्याला उतरवली. आईला ही कल्पना फार आवडली. "चंद्रभागेवर असं पायजे हुतं," म्हणाली. गुहागरचा किनारा लांबलचक आणि सरळ, बांधावरून दोरी धरून आखल्यासारखा. त्याच्या पुढे हेदवी. देवळाच्या मागे किनाऱ्यावरच्या काळ्या खडकात एक उभी अरुंद चीर आहे, तिला बामणघळ म्हणतात. भरतीला लाट त्या चिरेत शिरते, पुढे जायला जागा नसते, मग तोफेसारखा आवाज होऊन पाण्याचा खांब आभाळात उडतो. तिथे जायचं ते तिथीची पाऊणपट करूनच, भरतीच्या वेळी. आणि काठापासून चार हात मागे उभं राहायचं. शेवाळलेला खडक पायाला भरवसा देत नाही.

तवसाळहून पुन्हा फेरीबोट, पलीकडे जयगड. मालगुंड हे केशवसुतांचं जन्मगाव. गणपतीपुळ्याला आईचं दर्शन झालं. आरे-वारेच्या चढावर गाडी थांबवून सगळ्यांनी खाली पाहून घेतलं आणि रत्नागिरीत मुक्काम केला.

रत्नागिरीच्या वाळूसाठी एक दिवस खुशाल द्यावा. एकाच गावात रत्नदुर्गाच्या डोंगराच्या एका अंगाला पांढरा समुद्र आणि दुसऱ्या अंगाला काळा समुद्र. पाणी दोन्हीकडचं तेच, रंगाची नावं वाळूवरून पडली. मिऱ्याच्या बाजूची वाळू फिकी. तो किनारा समुद्राने बराच खाल्ला आहे, आता तिथे दगडांचे बांध घातलेत. मांडवीच्या बाजूची वाळू मात्र काळी, ओली असली की घोंगडीसारखी. धाकट्या पोराने शाळेतला लोहचुंबक आणला होता, तो वाळूवरून फिरवला तर त्याला काळ्या कणांची दाढी आली. ही वाळू म्हणजे सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचा चुरा. त्यात लोखंड आणि टायटॅनियम असलेलं इल्मेनाइट नावाचं खनिज आहे. नद्यांनी तो चुरा समुद्राला दिला, आणि समुद्राने तो उफणला. आपण खळ्यावर वाऱ्यात पाटी धरतो, भूस उडून जातं, दाणा पायाशी पडतो. इथे लाट हलकी वाळू उचलून नेते आणि जड काळी वाळू मागे ठेवते. शेकडो-हजारो वर्षं चाललेलं हे खळं आहे, आणि त्याचा धनी कुणी नाही.

काजळीच्या खाडीपलीकडे भाट्ये. तिथे १९५५ सालापासून नारळ संशोधन केंद्र आहे. ज्याच्या शेतात चार नारळ लावायचा विचार असेल त्याने तिथून जाऊ नये, थांबावं. थिबा राजवाडा आम्ही बाहेरून पाहिला. ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाला इंग्रजांनी इथे आणून ठेवलं आणि १९१६ साली तो इथेच वारला. आई म्हणाली, "सोन्याच्या पिंजऱ्यातबी पाखरू पाखरूच."

पुढचा रस्ता पावस, पूर्णगड, विजयदुर्ग, देवगड असा. आंब्याच्या बागांतून गेला. मोहोर संपून कैऱ्या लिंबाएवढ्या झाल्या होत्या आणि जिकडेतिकडे फवारणीचा वास. हापूस खाताना गोड लागतो, पण त्याच्या मागे तुडतुड्याशी केवढी लढाई आहे ते रस्त्यावरूनच दिसतं. मालवणला सिंधुदुर्ग किल्ला होडीतून जाऊन पाहिला. २५ नोव्हेंबर १६६४ ला शिवाजी महाराजांनी या कामाचा मुहूर्त केला. चारी बाजूंनी खारं पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. आईने ओंजळीत पाणी घेऊन चाखून पाहिलं तेव्हाच तिचा विश्वास बसला.

शेवटचे दोन दिवस देवबागला. हे गाव म्हणजे समुद्रात घुसलेली वाळूची एक जीभ आहे. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर घरं, माड, देऊळ, शाळा. परसदारी नदी आणि पुढच्या दारी समुद्र. टोकाला दोघांचा संगम होतो तिथे ओहोटीला वाळूचं बेट वर येतं, भरतीला बुडतं. सुनामीनंतर ते वर आलं असं गावात सांगतात, म्हणून त्याचं नावच सुनामी बेट पडलं आहे. पावसाळ्यात समुद्र या पट्टीचा घास घेत असतो. किनाऱ्याला दगडी बंधारा आहे, तरी रात्री जोराचा वारा सुटला की माणसं झोपत नाहीत. आमच्याकडे ओढ्याकाठचं शेत असलेल्यालाच ही झोप उडणं कळेल.

दुसऱ्या दिवशी पहाटे एका वयस्क गाबीत तांडेलाच्या होडीतून आम्ही संगमाबाहेर गेलो. इथले मच्छीमार डॉल्फिनला गादा म्हणतात. तांडेलाने एका जागी इंजिन बंद केलं आणि म्हणाला, "आता गप बसा. येवचो असात तर येतलो. त्याच्या मागे जाव नको." पंधरा मिनिटं गेली. पाण्याचा होडीला लागणारा चुबूक-चुबूक आवाज तेवढा. पोरं कंटाळली. तेवढ्यात अगदी पाठीमागून 'फूस्स' असा मोठा श्वास ऐकू आला. आई दचकून म्हणाली, "अगं बाई, ही तर डोहातल्या म्हशीवानी फुसकारतीया!"

तिने बरोबर ओळखलं होतं. गादा मासा नव्हेच. म्हशीसारखाच तो हवेत श्वास घेतो, पिल्लाला जन्म देतो, दूध पाजतो. आमच्या किनाऱ्यावरच्या या जातीच्या पाठीवर बैलाच्या वशिंडासारखा उंचवटा असतो आणि त्यावर लहानसा पर. त्यावरून तो चटकन ओळखावा. लांबी आठ फुटांच्या आसपास. हा खोल समुद्रात जात नाही, किनारा आणि खाड्यांची तोंडं धरून राहतो, कारण त्याचं खाणं तिथे. गढूळ पाण्यात तो कानाने पाहतो : स्वतः आवाज सोडायचा आणि परत आलेल्या आवाजावरून मासा कुठे ते ओळखायचं. दहा इंजिनं भोवती घरघरत असली तर त्याची काय गत होत असेल ते समजण्यासारखं आहे. जगभरात ही जात धोक्यात आलेल्यांत मोजली जाते.

त्या सकाळी पाच होते. त्यातल्या एका मादीला चिकटून अर्ध्या लांबीचं फिकट रंगाचं पिल्लू. आई वर आली की तेही वर, आई खाली की तेही खाली. डॉल्फिनचं दूध म्हशीच्या दुधाहूनही कितीतरी दाट असतं आणि पाण्यातल्या पाण्यात पिल्लाच्या तोंडात सोडावं लागतं, हे मी मंडळींना सांगितलं. त्यावर धाकटी वहिनी म्हणाली, "आणि आम्हाला आंबोण घालूनसुद्धा म्हस पान्हा चोरते!" दहा-बारा मिनिटं ते आमच्या भोवती होते. उड्या मारल्या नाहीत, खेळ केला नाही. आपल्या कामात होते. मग नदीच्या तोंडाकडे निघून गेले. तांडेल त्यांच्या मागे गेला नाही.

परतताना मी त्याला विचारलं, गादा तुमच्या उपयोगाचा की नुकसानीचा? तो हसला. दोन्ही, म्हणाला. डॉल्फिन दाखवून चार महिने घरात पैसा येतो. पण तोच गादा रात्री जाळ्यातली मासळी ओरबाडतो आणि जाळं फाडतो. मला आमच्या भुईमुगात शिरणारी रानडुकरं आठवली. त्यांना परवानगीशिवाय मारता येत नाही, नि पीक डोळ्यांदेखत जातं. गाद्यालाही १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं सर्वांत वरचं संरक्षण आहे. डिसेंबर २०१८ पासून राज्य सरकारने एक सोय केली : कासव, डॉल्फिन किंवा देवमाशासारखं संरक्षित जनावर जाळ्यात अडकलं आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला सोडून दिलं, तर पुराव्याचे फोटो दाखवून पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. मोठ्या जाळ्याला याच्या कितीतरी पट पैसा पडतो. आणि गाद्याने नुसती मासळी खाऊन जाळं फाडलं तर ते कापून सोडल्यात धरत नाहीत. तरीपण भरपाई सुरू झाली हे बरं झालं, असं तांडेलाचं मत. त्याचा खरा राग गाद्यावर नव्हताच. तो होता पर्ससीनच्या मोठ्या बोटींवर, ज्या थव्याचा थवा एका वेढ्यात उचलतात. फेब्रुवारी २०१६ मध्ये सरकारने त्यांच्यावर निर्बंध घातले, तरी वाद मिटलेला नाही. शेजाऱ्याने हजार फूट बोअर मारावी आणि आपली विहीर कोरडी पडावी, असाच तो प्रकार. "गादो पोटापुरतो खाता," तो म्हणाला, आणि सुकाणू फिरवलं.

निघायच्या दिवशी सकाळी समोरच रापण लागली होती. होडी किनाऱ्यापासून अर्धवर्तुळात जाळं टाकत जाते आणि दोन्ही टोकं वाळूवर येतात. मग दोन्हीकडून पन्नास-साठ माणसं दोर ओढतात. यात मालक-मजूर नसतात, जाळ्याचा, होडीचा आणि ओढणाऱ्या प्रत्येक हाताचा वाटा ठरलेला असतो. आपल्या इर्जिकीचीच बहीण म्हणा ना. आमची सगळी पलटण दोराला लागली. आईनेही पदर खोचला आणि शेवटच्या टोकाला हात लावला. तासाभराने जाळं वाळूवर आलं. तारली आणि बारीकसारीक मासळी, फार नाही. वाटे पडले तेव्हा एका बाईने ओंजळभर तारली केळीच्या पानावर आईपुढेही ठेवली. आई माळकरी. तिने पान कपाळाला लावलं, त्याच बाईच्या टोपलीत परत ओतलं, आणि "दोर वढला त्याचा वाटा पावला," म्हणाली. बाई घरात गेली आणि सोललेला नारळ घेऊन आली. तो नारळ गगनबावड्याचा घाट चढेपर्यंत आईच्या मांडीवर होता.